सुकतीला वाट उघडणाऱ्या जागेवरच्या जिओकॅशला डी आणि टी किती द्यायचे?

प्रश्न असा आहे: रत्नागिरी–गणपतीपुळे पट्ट्यात पहिली जिओकॅश (जीपीएसवर शोधायच्या खेळातला डबा) लपवायची आहे. वर सड्यापर्यंत (कातळाच्या पठारापर्यंत) गाडी जाते. तिथून पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) खाली उतरायचं, मग साधारण तीनशे मीटर खडपावरून (किनाऱ्याच्या खडकावरून) चालत एका लहान पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) पोचायचं. सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, पाय न भिजवता जाता येतं, भरतीला वाट बंद. डबा अर्ध्या लिटरचा, खडकाच्या कपारीत ठेवणार. डी (शोधाची काठिण्यपातळी) आणि टी (वाटेची काठिण्यपातळी) किती द्यावेत? मित्राचं म्हणणं, टी ५ दे, कारण भरतीला होडीशिवाय पोचता येत नाही, आणि टी ५ दिसलं की लोक लांबून येतात.

आधी उत्तर: डी २, टी ३.५, सोबत ‘मोसमी प्रवेश’ (सीझनल ॲक्सेस) हा ॲट्रिब्यूट, म्हणजे कॅशच्या वेबपानावरची खूण. पाच देऊ नका. आता कारणं. ती थोडी लांबतील, कारण या किनाऱ्यावर एकच आकडा सकाळी खरा आणि दुपारी खोटा ठरू शकतो.

गाडी लावल्यापासून डब्याशी पोचेपर्यंत अंगाला जे कष्ट पडतात ते टी. तिथे उभं राहिल्यावर डोळ्यांना, बोटांना आणि डोक्याला जे पडतात ते डी. मिस्टरी कॅशचं, म्हणजे कोडं सोडवल्यावरच जागा कळते अशा कॅशचं, कोडं घरी चहा पिताना सोडवलं तरी ते डीमध्येच मोजायचं. दोन्ही मापं १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांनी. म्हणजे प्रत्येकी नऊ पायऱ्या आणि एकूण ८१ जोड्या. नवख्या मालकाची (कॅश लपवणाऱ्याची) पहिली चूक इथेच होते. तो मनात ‘एकंदरीत किती कठीण’ असा एकच आकडा धरतो आणि तोच दोन्हीकडे लिहितो. म्हणून नकाशावर डी ३/टी ३ चा एवढा सुकाळ दिसतो. बेटावर उघड्यावर ठेवलेला वीस लिटरचा डबा डी १/टी ५ असतो. बाजारपेठेत एसटी थांब्याच्या बाकाखाली चिकटवलेला नखाएवढा चुंबकी नॅनो डी ४/टी १.५ असतो. पहिल्यात शोधायचं काही नाही, दुसऱ्यात चालायचं काही नाही.

टीची पट्टी कोकणाच्या जमिनीवर कशी बसते ते पाहू.

टी १ म्हणजे व्हीलचेअरवरून, कोणाच्या मदतीशिवाय. ‘सोपं’ एवढाच अर्थ घेऊन हा आकडा वाटला जातो आणि त्याने खऱ्या गरजवंताची फेरी फुकट जाते. अंतर ८०० मीटरच्या आत, पृष्ठभाग पक्का, आणि डबा खुर्चीत बसून हाताला लागेल अशा उंचीवर, म्हणजे गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली. रॅम्प असेल तर एक मीटर चढायला निदान बारा मीटर लांबी हवी. एक बंद गेट, फूटपाथची एक पायरी, पेव्हर ब्लॉकमधला एक उखडलेला पट्टा, आणि टी १ संपला. पुळणीवरची वाळू कितीही सपाट असली तरी चाक रुततं. कोकणात प्रामाणिक टी १ फार थोड्या निघतील. शंका असेल तिथे १.५ द्या.

टी १.५ म्हणजे चपलेत, सपाटीवर, लहान मुलाला हात धरून नेता येईल असं. टी २ ला थोडा चढउतार, मळलेली वाट, अंतर तीनएक किलोमीटरच्या आत. गावाने राखलेली जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी बहुधा इथे बसते. पायऱ्या उंच असतील किंवा शे-दीडशेच्या वर असतील तर २.५. टी ३ ला वाट ओबडधोबड होते, अंतर पाच किलोमीटरपर्यंत जाऊ शकतं, सायकल नेता येणार नाही इतका चढ किंवा झाडोरा असतो. करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्यांतून घुसायला लागत असेल तर अंतर शंभर मीटर असलं तरी तीनच. टी ४ म्हणजे हात टेकल्याशिवाय न चढणारा चढ, किंवा पोहावं लागण्याची शक्यता, किंवा १६ किलोमीटरच्या पुढची चाल. टी ५ म्हणजे खास साधनाशिवाय जमतच नाही: होडी, दोर, डायव्हिंगचं सामान.

‘खास साधन’ कोणाच्या हिशोबाने, यावर वाद होतात. नारळाच्या झाडावर पाडेली दोर न लावता दोन मिनिटांत चढतो. त्याच्या लेखी ती टी २ सुद्धा नाही. आकडा मात्र पुण्याहून किंवा बंगळुरूहून आलेल्या, धडधाकट पण सराव नसलेल्या अनोळखी माणसासाठी असतो. त्या जागेची सवय असलेला माणूस सगळ्यात वाईट परीक्षक. गावातल्या मालकाचे टी आकडे जवळजवळ नेहमी अर्ध्या पायरीने कमी असतात, कारण त्याच्या पायाला वाट पाठ झालेली असते. म्हणून जागा कधीच न पाहिलेल्या एकाला फक्त कोऑर्डिनेट्स देऊन पाठवा, आणि त्याला आकडा न विचारता ‘कुठे हात टेकलास?’ एवढंच विचारा. एकदाही नाही म्हणाला तर ३ च्या वर जायचं कारण नाही. दोनदा-तीनदा म्हणाला तर ३.५. प्रत्येक पावलाला म्हणाला तर ४.

तुमच्या वाटेत पाखाडी २ ची आहे, खडप ३.५ चं. सरासरी काढायची नाही, सगळ्यात कठीण तुकडा धरायचा. तीनशे मीटर खडपावर कोरड्या जांभ्याला पायाची पकड चांगली मिळते, पण भरतीच्या पट्ट्यातला दगड शेवाळलेला असतो आणि त्यावर कालवं असतात. घसरल्यावर हात टेकला की कालवांच्या कडा तळवा चिरतात. पकडीचे बूट हवेत हे पानावर लिहा. स्लीपर घालून येणारा माणूस निम्म्या वाटेवरून परततो आणि दोष तुमच्या आकड्याला देतो.

आता भरतीचा हिशोब.

मित्राचा मुद्दा असा की भरतीला होडी लागते, म्हणून टी ५. रेटिंग मात्र त्या जागी जायच्या रास्त पद्धतीला द्यायचं असतं, चुकीच्या वेळी गेलेल्या माणसाच्या अडचणीला नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला लोक वाळू-खडकावरून चालत जातात, भरतीला होडी लागते. तो संरक्षित स्मारक आहे, तिथे डबा ठेवायचा प्रश्न नाही, पण विचार करायला उदाहरण चांगलं आहे. चालणाऱ्याच्या वेळेचा आकडा द्यायचा आणि वेळ चुकली तर काय होतं ते शब्दांत लिहायचं. जिथे कोणत्याही वेळी पाण्यातूनच जावं लागतं तिथे मात्र ४ किंवा ५ खरा.

पण ‘ओहोटीला जा’ एवढं लिहून मालकाची जबाबदारी संपत नाही. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावर जुना अंदाज आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात. त्यात सव्वासहा तास मिळवले की सुकती. हा अंदाज मुंबई–अलिबागकडे बरा बसतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून जायच्या दिवशी टाइड टेबलच पाहायचं.

अंदाजातून निघणारी गोष्ट मात्र पर्यटकाला सहसा माहीत नसते. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे उधाणाला, पाणी सगळ्यात जास्त ओसरतं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी जेवायच्या वेळेला असते ती भरती. अष्टमीच्या सुमाराला, भांगाला, सुकती ऐन दुपारी सोयीच्या वेळेला येते, पण पाणी फारसं हटतच नाही. शनिवारी सकाळी मुंबईहून निघून दुपारी पोचलेला कॅशर दोन्ही वेळा फसतो.

किती फसतो ते आकड्यांत बघा. समजा उधाणाला पाण्याचा चढउतार २ मीटर आहे आणि तुमच्या वाटेतला सगळ्यात खोल दगड उधाणाच्या सुकतीच्या पातळीपेक्षा ६० सेंटिमीटर वर आहे. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे पहिल्या दोन तासांत ५० सेंटिमीटर, आणि पुढच्या दोनच तासांत एक अख्खा मीटर. तो दगड सुकतीनंतर सव्वादोन तासांच्या आत बुडतो. आधीचा तेवढाच वेळ धरला तर वाट जवळजवळ साडेचार तास उघडी. भांगाला चढउतार निम्मा, १ मीटर धरू. सुकतीचं पाणीच उधाणापेक्षा अर्धा मीटर वर थांबतं आणि तो दगड पाण्याबाहेर जेमतेम १० सेंटिमीटर राहतो. वाट सुकतीच्या आधी-नंतर तासभर उघडी, एकूण दोन तास. त्यातही लाट असली की दहा सेंटिमीटरला काही अर्थ उरत नाही.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या जागेचे तुम्हीच काढायचे. एकदा भांगाला आणि एकदा उधाणाला जाऊन वरच्या सुरक्षित दगडावर बसा. वाट कधी उघडली आणि कधी बुडली ते घड्याळ पाहून लिहा. शेजारच्या वाडीतला कालवं काढणारा किंवा पागणारा (जाळं फेकून मासे धरणारा) माणूस हेच दोन वाक्यांत सांगेल. त्याला विचारून मग खात्री करा, उलट नको. पानावर वेळ सुकतीच्या संदर्भात लिहा: ‘सुकतीच्या एक तास आधी खडपावर उतरा, सुकती झाल्यावर अर्ध्या तासात परत फिरा.’ घड्याळातली वेळ लिहिली तर ती दुसऱ्या दिवशीच चुकीची होते.

इथे डीचा संबंध येतो. मोजताना डी आणि टी वेगळे, पण लपवताना वेगळे ठेवता येत नाहीत. डी ४ म्हणजे तासन्‌तास शोध, कदाचित पुन्हा फेरी. पाणी चढत असलेल्या जागेवर डी ४ दिला की तुम्ही शोधणाऱ्याला थांबायला भाग पाडता, आणि मागची वाट तेवढ्यात बुडते. कॅशर हट्टी असतो, ‘आणखी पाच मिनिटं’ म्हणून तो अर्धा तास काढतो. म्हणून भरतीच्या पट्ट्यात, कड्याच्या काठावर, किंवा अंधारात परतणं धोक्याचं असेल तिथे डी दोनच्या वर नेऊ नये. टी जितका वेळेला बांधलेला, डबा तितका मोठा आणि हिंट तितकी सरळ. अवघड लपवणूक करायचीच हौस असेल तर ती वर सड्यावर, गाडीपासून पन्नास मीटरवर करा. तिथे कोणाला संध्याकाळपर्यंत शोधू दे.

डीच्या पायऱ्या साधारण वेळेवर चालतात. १ म्हणजे पोचल्यावर काही मिनिटांत. २ म्हणजे अर्ध्या तासाच्या आत. ३ ला तासभर किंवा जास्त. ४ ला एकापेक्षा जास्त फेऱ्या किंवा विशेष माहिती. ५ ला खास कौशल्य, ज्ञान किंवा साधन. कोडं आणि शोध दोन्ही असतील तर जे जास्त कठीण ते धरा. दोन्ही कठीण असतील तर वर अर्धी पायरी. बेरीज करू नका. हिंट धरून मोजायचं की न धरता, यावर एकमत नाही. माझ्या मते न धरता, कारण बरेच जण हिंट शेवटी उघडतात.

मालक डब्याच्या आकारावरून डी ठरवतो आणि आजूबाजूला किती जागा ‘असू शकतात’ ते मोजायचं विसरतो. डी खरं तर त्यावरच असतो. उघड्या पुळणीवर फोनची चूक पाचेक मीटर असते. नारळ-पोफळीच्या आगरात किंवा कड्याच्या पायथ्याला ती दहा मीटर आणि त्याहून जास्त होते. त्रिज्या दुप्पट म्हणजे शोधायचं क्षेत्र चौपट: सुमारे ७८ चौरस मीटरचे ३१४. आगरात गडगा (दगडांची रचलेली भिंत) असेल तर हिशोब आणखी वाढतो. दहा मीटर त्रिज्येत वीस मीटर गडगा येतो. वीतभराचे दगड धरले तर एका थरात शंभर फटी, पाच थरांत पाचशे, आणि दुसरी बाजू वेगळीच. अशा गडग्यात अर्ध्या लिटरचा डबा सुद्धा डी ३.५ होतो आणि प्रीफॉर्म, म्हणजे बाटली फुगवण्याआधीची ती जाड नळी, सरळ ४.५.

तरीही गडग्यात लपवू नका. पहिलं कारण, पाचशे फटी तपासताना लोक दगड उपसतात, परत नीट लावत नाहीत, आणि चुना-सिमेंटाशिवाय रचलेला गडगा पावसाळ्यात ढासळतो. मग बागायतदार चिडतो आणि बरोबरच करतो. दुसरं कारण फुरसं. रत्नागिरीच्या कातळावर ते भरपूर आहे, लहान असतं, दगडाच्या रंगात मिसळतं आणि दगडाखाली-फटीत दिवस काढतं. लाल विंचू तिथेच. हात घालून चाचपायला लावणारी लपवणूक कोकणात डीचा प्रश्न राहत नाही. फट असेलच तर कमरेच्या वर, आतलं टॉर्चने पूर्ण दिसेल अशी, आणि पानावर ‘आधी उजेड, मग काठी, मग हात’ असं स्पष्ट. तुमच्या कपारीलाही हेच लागू. आंबा-काजूच्या झाडावर लपवायचं मनात असेल तर हुमले (लाल मुंग्या) आधी बघा. ते चावतात म्हणून टी वाढत नाही, पण शोध मात्र दीड मिनिटात आटपतो.

कोऑर्डिनेट्स चुकीचे असतील तर तुमचा डी २ लोकांना डी ४ पडतो, आणि तुम्हाला वाटतं आपण फार छान लपवलं. वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं फोन स्थिर ठेवून मोजणी घ्या आणि सरासरी काढा. अंश आणि दशांश मिनिटं या पद्धतीत शेवटचा, तिसरा दशांश आकडा अक्षांशात सुमारे १.८५ मीटर असतो. तुमच्या कड्याला उपग्रहांचे संकेत आपटून येतात, म्हणून डब्यापासून समुद्राकडे सातआठ मीटर मोकळ्यात उभं राहूनही एक मोजणी घ्या आणि फरक पटतो का पाहा. पंधरा मीटर निघाला तर कड्याजवळची मोजणी टाकून द्या.

साधनांचं एक वाक्य: पोचायला लागणारं साधन टीमध्ये, डबा उघडायला किंवा ओळखायला लागणारं साधन डीमध्ये. यूव्ही टॉर्च, कुलपाचा आकडा, पाणी ओतून वर तरंगणारी नळी, हे सगळं डी. आंबे उतरवायच्या झेल्यासारख्या लांब काठीने फांदीवरून डबा काढायचा असेल तर माझ्या मते टी, कारण काठी नसेल तर झाडावर चढावं लागेल. काही अनुभवी मालक डी मानतात. कोणतंही धरा, पण ‘साधन आवश्यक’ हा ॲट्रिब्यूट लावा.

होडीचंही असंच. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीत तिकीट काढून गाडीसकट बसता येतं. त्याला खास साधन म्हणणं म्हणजे एसटीला म्हणण्यासारखं आहे. पलीकडे उतरल्यावरच्या वाटेला टी द्या आणि शेवटच्या फेरीची वेळ तपासायला सांगा. हर्णैहून स्वतः होडी ठरवूनच पोचता येईल अशा जागेला मात्र ५ रास्त.

पावसाळ्याबद्दल. जून ते सप्टेंबर तुमची वाट टी ३.५ राहत नाही. शेवाळलेली पाखाडी, व्हाळाला (ओढ्याला) आलेलं पाणी, आणि दक्षिण-पश्चिमेची उंच लाट. तेव्हा ती कोणत्याच आकड्याची नाही, बंद आहे. चार महिन्यांचा सगळ्यात वाईट दिवस धरून वर्षभर टी ५ लावला तर जानेवारीत येणाऱ्याची फसवणूक होते. सीझनल ॲक्सेस लावा, मे अखेरीस कॅश तात्पुरती बंद करा आणि नोंदीत पुन्हा उघडायचा महिना लिहा, म्हणजे रिव्ह्यूअरला (कॅश तपासून प्रकाशित करणाऱ्याला) विचारावं लागणार नाही. बंद करताना डबा घरी आणा. पावसाळी लाटा पुळणीवरची वाळू समुद्रात ओढून नेतात आणि पावसाळ्यानंतर ती हळूहळू परतते. पातळीत मीटरभर फरक पडू शकतो. हिवाळ्यात छातीशी असलेली कपार ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोक्यावर असते. म्हणजे टी बदलला, डबा तिथेच. पुन्हा ठेवताना जागा तपासून मगच उघडा. कोरड्या मोसमातही लाटा उठतात. हैदराबादचं ‘इन्कॉइस’ समुद्राच्या उंच लाटांचे इशारे देतं, ते पाहायला सांगणारी एक ओळ पानावर असू द्या.

डबा कोणता हेही सांगून टाकतो, कारण खराब डबा डी बिघडवतो. खाऱ्या हवेत पत्र्याचा डबा एका मोसमात गंजतो, स्वस्त चुंबक त्याहून आधी. चारही बाजूंनी कड्या लागणारा प्लॅस्टिकचा डबा, आत झिप पिशवीत वही, सिलिका जेलच्या दोन पुड्या. फिल्मचा डबा नको, पाणी आत घेतो. कपारीत डबा लाटेने वाहून जाऊ नये म्हणून नायलॉन दोरीने बांधा, आणि जागा उधाणाच्या भरतीरेषेच्या वर असू द्या. ती रेषा वाळलेल्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या ओळीवरून कळते. त्या रेषेखाली काहीही ठेवणं म्हणजे समुद्रात कचरा टाकणंच.

डबा पारदर्शक असू दे आणि बाहेर मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे’ अशी चिठ्ठी. १९९३ च्या मुंबई स्फोटांची स्फोटकं रायगडातल्या शेखाडीला उतरली होती, त्यानंतर या किनाऱ्यावर बेवारस डब्याकडे कोणी गंमत म्हणून पाहत नाही. बंदर, दीपगृह, जेटी यांच्यापासून लांब राहा. वाडीत दोन घरांना सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक शोधणाऱ्याला ‘कोणाकडे आलात?’ला उत्तर द्यावं लागेल. काही मालक गर्दीच्या जागी यासाठी डी अर्ध्या पायरीने वाढवतात, आणि ते चालतं. लोकांच्या नजरा चुकवणं हा शोधाचाच भाग असतो. देवराई, कातळशिल्पांचे सडे आणि संरक्षित किल्ले मात्र डब्याच्या विचारातूनच वगळा. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी तर २०२५ पासून जागतिक वारशात आहेत.

मित्राच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. टी ५ दिला की लोक येतात हे खरं आहे. प्रत्येक डी-टी जोडीची कॅश शोधून तक्त्याच्या ८१ चौकटी भरणाऱ्यांना डी २/टी ५ हवी असते आणि भारतात त्या मोजक्या. पण तो माणूस होडीवाल्याशी बोलून, पैसे ठरवून येतो, आणि इथे पोरं चालत गेलेली बघतो. त्याने लॉगमध्ये (शोधाच्या नोंदीत) ‘टी ३, फार तर’ असं लिहिलं की पुढचे सगळे तुमच्या इतर आकड्यांवरही विश्वास ठेवत नाहीत. उलटही तितकंच वाईट. ‘जास्त लोक यावेत’ म्हणून टी २ लिहिलंत, तर आजोबांना घेऊन आलेलं कुटुंब खडपाच्या निम्म्यावर अडकेल आणि पाणी त्यांची वाट पाहणार नाही.

प्रकाशित झाल्यावर पहिले पाच-सहा लॉग नीट वाचा. तीन-चार जणांनी ‘दहा मिनिटांत मिळाली’ लिहिलं तर डी १.५ करा. डीएनएफ (‘सापडली नाही’ अशा नोंदी) आले तर आधी डबा जागेवर आहे का ते बघा, मग कोऑर्डिनेट्स, आणि शेवटी डी. पहिलीच प्रतिक्रिया आकडा वाढवण्याची नको. बदल सुरुवातीलाच करा. उशिरा केला तर आधी शोधलेल्यांच्या तक्त्यातली चौकट त्यांच्या नकळत बदलते आणि ते रागावतात. वाटच बदलली तर गोष्ट वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन–दिवेआगरच्या बाजूला आदळलं तेव्हा नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा आगरात वाट बदलते, वरचं छप्पर जाऊन जीपीएस सुधारतं, आणि जुने डी-टी दोन्ही निरुपयोगी होतात. तेव्हा जुनी कॅश अर्काइव्ह करून नवी काढणं सरळ.

तुमच्या पानासाठी मजकूर असा ठेवा, हवा तर जसाच्या तसा घ्या: ‘डी २/टी ३.५. हे आकडे ऑक्टोबर ते मे, सुकतीच्या वेळेसाठी. गाडी सड्यावर लावा. पाखाडीने उतरून डावीकडे तीनशे मीटर खडप, दोन ठिकाणी हात टेकावे लागतात. सुकतीच्या एक तास आधी उतरा, सुकतीनंतर अर्ध्या तासात परत फिरा, डबा मिळाला नसला तरी. अष्टमीच्या आसपास वाट जेमतेम उघडते. भरतीत पोहत येऊ नका, इथे लाट खडकावर आपटते. पकडीचे बूट, टॉर्च, काठी. कपारीत टॉर्च मारल्याशिवाय हात घालू नका.’ खडप डावीकडे आहे की उजवीकडे आणि हात किती ठिकाणी टेकतो, तेवढं तुमच्या जागेप्रमाणे बदला. हिंटमध्ये ‘छातीच्या उंचीवर, पांढऱ्या पट्ट्याचा दगड’ अशी एकाच दगडाला लागू पडणारी खूण द्या. ‘दगडाखाली’ अशी हिंट खडपावर देऊ नका.